किसन सोनवणेचे दोन ठोके

त्या गाण्यातला बेंजो मी वाजवलेला नाही. हे वाक्य मी आजवर दोन माणसांसमोर बोललो आहे, आणि दोन्ही वेळा उशिरा. म्हणून आता लिहून ठेवतो. तो बेंजो किसन रखमाजी सोनवणे, राहणार मांडवगण फराटा, तालुका शिरूर, यांनी वाजवलेला आहे. नाव असं बापाच्या नावासकट आणि गावासकट लिहायची सवय त्याची होती. माझी नव्हती.

किसन शिरूरला तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचा. कडुनिंबाखाली एक पत्र्याची ट्रंक, तिच्यावर मशिन, समोर गिऱ्हाइकासाठी लाकडी स्टूल. दहाही बोटांनी टाइप करायचा आणि कधी मशिनकडे बघायचा नाही. बघायचा समोरच्या माणसाच्या तोंडाकडे. त्यामुळं लोकांना वाटायचं, हा आपलं ऐकून घेतोय. आणि तो खरंच ऐकून घ्यायचा.

मी कसल्याशा दाखल्यासाठी गेलो होतो. माझ्यापुढं एक बाई होती, तिला रेशनकार्डात नाव घालायचं होतं.

"नाव सांगा मावशी."

"लिव्ह की. भाऊसाहेबाची मंडळी म्हून."

"अर्ज भाऊसाहेबाचा हाय का तुमचा?"

"माजाच."

"मग तुमचं सांगा. बापानं काय ठिवलं हुतं?"

बाईनं पदर तोंडाशी धरला. इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाली, "हौसा."

"हौसाबाई. आता बापाचं, मग नवऱ्याचं, मग गावाचं. नुसत्या मंडळीचा अर्ज सायेब फेकून देतो."

अर्ज झाल्यावर त्यानं तो तिला मोठ्यानं वाचून दाखवला. तिच्या नावापाशी जरा थांबून. कागद तिच्या हातात दिला आणि मधल्या बोटाच्या पेरानं मशिनच्या कडेवर दोनदा ठोकलं. टक, टक. म्हणजे झालं, आता पुढचा. त्या ठोक्यांवर रांग पुढं सरकायची. हे ठोके लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यांच्यावरच आलं आहे.

ट्रंकेशेजारी एका कापडी पिशवीत लांबट पेटी होती. मी विचारलं, ह्यात काय? म्हणाला, "दुसरं मशिन." तो बेंजो होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हातभर लांबीची लाकडी पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरला असतात तशी गोल बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. मिरवणुकीत तो भोंग्याला जोडला की अख्ख्या आळीला ऐकू जातो.

माझं दौंडला स्टेशनाजवळ दुकान होतं. लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचो आणि मागच्या खोलीत कॅसेटी भरायचो. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या, तरी गाडी आली की सगळं थांबवावं लागायचं. दौंडसारख्या जंक्शनवर गाडी येतच असते. मी किसनला म्हणालो, रविवारी ये. तो आला. शिरूरहून एसटीनं, चौफुल्याला गाडी बदलून, मांडीवर ती पेटी घेऊन. त्यानंतर सहा-सात वर्षं येत राहिला.

तो मला "दिनूशेठ, तुम्ही" म्हणायचा. मी त्याला "किसन, तू". वयानं तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. हे त्या काळात मला कधी खटकलं नाही, एवढंच इथं नोंदवतो.

त्याच्या बेंजोचं एक बटण मोडकं होतं. दुरुस्त करून घे, मी दोनदा म्हणालो. तो घ्यायचा नाही. त्या जागी तो खालच्या बटणावरनं स्वर उचलायचा आणि अंगठ्यानं तार दाबून वर ओढत न्यायचा. त्या ओढीत एक विव्हळणं असायचं. बेंजो हे तसं कोरडं, खडखडीत वाद्य. त्याच्या हातात ते माणसासारखं कण्हायचं. मी पुढं इतर तिघांकडून ते वाजवून बघितलं. तिघांचे बेंजो धड होते आणि तिघांनाही ते जमलं नाही.

लग्नाच्या वरातीत तो वाजवायचा नाही. एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचा, आणि माझ्या खोलीत. एकदा खुटबावच्या एका बागायतदारानं माझ्यामार्फत विचारलं, पोराच्या लग्नात येतो का. किसन म्हणाला, "शेठ, आमच्या बापानं गावकीचं वाजवणं सोडलं तवा भर चावडीवर मार खाल्ला. त्यानं सोडलेलं मी पुन्हा कुनाच्या दारात जाऊन धरू व्हय?"

"मग बेंजो तरी कशाला धरलास?"

"हे मशिन हाय. ह्याला अजून कुनाची जात चिकटली न्हाई."

मी हसलो. तो हसला नाही.

त्याची दुसरी सवय माझ्या धंद्याच्या आड यायची. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की वाजवायच्या आधी तो माइकात बोलायचा. "ही पहिली जागा खुटबावच्या सनईवाल्या बापूंची. मधली कासुर्डीच्या बँडमदी क्लॅरिनेट वाजवायचे त्या अण्णांची. मी निस्ती मोडून घेतलीया." मग वाजवायला लागायचा. प्रत्येक धून अशी. कुणाकडून काय उचललं ते पहिल्यांदा सांगायचं, मग हात लावायचा. एकदा तर म्हणाला, "ही ओढ आपल्या स्टेशनातल्या शंटिंगच्या इंजिनाची. शेठ, त्याचं बी नाव कव्हरवर घाला, तसंही ते आपल्या दर कॅसेटीत वाजतंयच."

"अरे, लोकांना धून ऐकायची असते, तुझी वंशावळ नाही," मी म्हणायचो.

"घ्यावं की शेठ. खुशाल घ्यावं. समदे घेत्यात. पन कुनाचं घेतलं ते तोंडानं म्हनावं. न्हाईतर ते घेनं ऱ्हात न्हाई."

"मग तुझं स्वतःचं काय आहे यात?"

त्यानं बेंजोच्या लाकडावर मधल्या बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं. "येवढं." प्रत्येक धून संपली की तो तसे दोन ठोके द्यायचा. कचेरीसमोर द्यायचा तेच. अर्ज संपला, पुढचा. "अर्जाखाली सही असती ना, तशी ही माझी. बाकी समदं लोकांचं हाय."

मी कॉपी काढताना ते सगळं कापायचो. सुरुवातीचं बोलणं आणि शेवटचे ठोकेही. पॉज दाबायचं, पुढं सरकवायचं, पॉज सोडायचं. कॉपीतून बापू गेले, अण्णा गेले, किसन गेला. एका धुनेच्या शेवटी तेवढं करायचं राहिलं, कारण नेमकं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. परत येईपर्यंत ठोके कॉपीत उतरले होते. नव्यानं कॉपी काढायचा कंटाळा केला. तसंच बाजारात गेलं.

त्या कॅसेटचं कव्हर पुण्याला छापलं. छापखान्यातल्या माणसानं विचारलं, संगीत? मी माझं नाव सांगितलं. तो काळच तसा होता, ज्याचं दुकान त्याचं नाव. त्यानं विचारलं, वादन? मी म्हणालो, तेच लिहा. दोन शब्द. काळ वगैरे कारण पहिल्या उत्तराला चालेल. दुसऱ्याला चालत नाही, कारण वादन कुणाचं ते मला ठाऊक होतं आणि छापखान्यातल्या माणसानं ती ओळ स्वतःहून उघडी ठेवली होती.

किसननं कॅसेट हातात घेतली. कव्हर पुढून वाचलं, उलटून मागून वाचलं. मग डबी उघडून आतल्या घडीचा कागद बाहेर काढला आणि तोही वाचला. टाइपिस्ट माणूस, कागद कसा वाचायचा ते त्याला माहीत होतं. नीट घडी घालून परत ठेवला.

पुढच्या रविवारी तो एक पुडकं घेऊन आला. कार्बन लावून, एकेका कागदावर आठ-आठ अशा टाइप करून कात्रीनं कापलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकच ओळ: बेंजोवादन, किसन रखमाजी सोनवणे, मांडवगण फराटा.

"शेठ, नवं कव्हर छापायला नगं. ऱ्हायल्याल्या कॅसेटीत येकेक चिठ्ठी सारायची. डबीत बसतीया, मी मापून कापलीया."

मी म्हणालो, बरं. ठेव तिथं.

त्या चिठ्ठ्या मागून कोऱ्या होत्या. टेलिफोनशेजारी मला बारीक कागद लागायचे. कुणाला किती कॅसेटी पाठवायच्या, कुणाचा भोंगा कुठल्या गावाला गेलाय, हे मी त्यांच्यावर लिहीत गेलो. असं ठरवून केलं नाही. एक घेतली, दुसरी घेतली. वर्षभरात पुडकं संपलं. एकही चिठ्ठी एकाही डबीत गेली नाही.

मग कॅसेटी गेल्या. माझ्या दुकानात आधी सीडी आल्या, मग मोबाइलची कव्हरं. कचेरीत कॉम्प्युटर आले, आणि किसनचं कडुनिंबाखालचं स्टूल उठलं. एकदा चौफुल्याला एसटीची वाट बघताना तो मला भेटला. केस पांढरे झालेले, खिशाला अजून दोन पेनं. घरचं, पोराबाळांचं बोलणं झालं. त्याची गाडी लागली. चढता चढता म्हणाला, "शेठ, चिठ्ठ्या संपल्या का? मशिन हाय अजून घरी. देतो आनखी करून."

"आहेत अजून," मी म्हणालो.

"असू द्या मग," तो म्हणाला आणि आत जाऊन खिडकीशी बसला.

हे इथंच संपलं असतं तर एका लबाड दुकानदाराची साधी गोष्ट झाली असती. तशा लबाड्या गावोगाव झाल्या आहेत. मी जे केलं ते त्यानंतर, सत्तरी उलटल्यावर, भरदिवसा आणि पूर्ण शुद्धीत केलं.

दोन वर्षांपूर्वी ऋतुजा नावाची मुलगी दुकानात आली. शिरूरची, पंचवीस-सव्वीसची. रांजणगावच्या कंपनीत नोकरी करते आणि घरी लॅपटॉपवर संगीत बनवते. तिच्या संगीतावर तिचे दोन मित्र रॅप करतात. तिच्या पिशवीत ती कॅसेट होती. भंगारवाल्याकडे मिळाली होती तिला.

तिनं मोबाइलवर मला ऐकवलं. आधी माझी छाती धडधडली ती त्यातल्या बासच्या दणक्यानं. मग त्यातून किसनची ओढ वर आली, मोडक्या बटणाची, आणि धून तुटून दोन ठोके पडले. टक, टक. पुन्हा ओढ. पुन्हा टक, टक. ते दोन ठोके तिनं उचलून अख्ख्या गाण्याखाली अंथरले होते. रॅप त्यांच्यावर पाय देत चालला होता.

"काका, याला सॅम्पल म्हणतात," ती म्हणाली. "जुन्यातला तुकडा घ्यायचा आणि त्याच्यावर नवं उभं करायचं. बरेच जण न विचारता उचलतात. मला ते नाही पटत. ज्याचं आहे त्याला विचारायचं, त्याचं नाव द्यायचं. कव्हरवर तुमचं नाव आहे, म्हणून शोधत आले. बेंजो तुम्हीच वाजवलाय ना?"

ती समोर बसून तीच गोष्ट बोलत होती जी किसन माइकात बोलायचा आणि मी कापायचो. तिला किसन माहीत नव्हता. मांडवगण तिथून दीड तासावर. तो जिवंत होता, हे मला ठाऊक होतं. म्हणजे एक नाव सांगायचा अवकाश होता.

किती तरी वर्षांत कुणी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. दुकानात लोक येतात, चार्जर मागतात आणि जातात.

"हो," मी म्हणालो. "मीच."

तिनं वाकून नमस्कार केला. मी तो घेतला. मग तिनं विचारलं, "आणि हे शेवटचं टक-टक काय आहे काका? माझं सगळं गाणं त्याच्यावर आहे. मी टेबलावर, दारावर, डब्यावर, सगळीकडं ठोकून बघितलं, पण तसा आवाज येईना."

"ते काही नाही," मी म्हणालो. "टेप बंद करतानाचा आवाज. चुकून राहिला."

वादन मी घेतलं ते घेतलंच, पण त्याच्या मालकीचं जे तेवढं एक होतं त्याला मी यंत्राचा खडखडाट म्हणालो.

गाणं चाललं. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर वाजलं, लग्नात वाजलं, पोरांच्या फोनमध्ये वाजलं. मग दुसऱ्यांनी त्याची नक्कल सुरू केली. नगरच्या, बारामतीच्या पोरांच्या गाण्यांतही शेवटी दोन ठोके यायला लागले. कुणी टाळीचे, कुणी टिपरीचे, कुणी कॉम्प्युटरमधून काढलेले. लोक म्हणायचे, हा ऋतुजाचा आवाज, तिची ओळख. ती प्रत्येक ठिकाणी सांगायची, माझा नाही, दौंडच्या दिनकरकाकांचा. ती मुलगी शेवटपर्यंत प्रामाणिक होती. तिच्या प्रामाणिकपणातून माझं खोटं तालुकाभर पोचलं.

आता त्या संध्याकाळबद्दल लिहायला हवं. पण त्याआधी नंतरचं सांगून टाकतो, कारण ते थोडकं आहे. किसन या जानेवारीत गेला. मला आठवड्यानं कळलं. मी मांडवगणला गेलो आणि त्याच्या मुलाला सगळं सांगितलं. तो शिक्षक आहे, शांत माणूस. ऐकून घेतलं त्यानं, बापासारखं तोंडाकडं बघत.

"आम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "वस्तीतल्या जुन्या माणसांनाही माहीत होतं. गाणं पहिल्यांदा वाजलं तेव्हाच मी म्हणालो होतो, आप्पा, त्या मुलीला फोन करतो. ते म्हणाले, शेठला म्हाईत हाय. त्यांच्या तोंडानं येऊ दे."

मी विचारलं, अजून काही म्हणाले का?

"नाही. चहा घेणार का?"

ऋतुजालाही मी फोन करून सांगितलं. मग तिनं फक्त नाव नीट विचारून घेतलं, वडिलांच्या नावासकट. आता गाण्याखाली ते आहे. बदलायला तिला मिनिटसुद्धा लागलं नसेल. मला ती त्यानंतर बोललेली नाही, आणि बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

तर ती संध्याकाळ. गेल्या एप्रिलात मांडवगणच्या पोरांनी जयंतीनिमित्त ऋतुजाचा कार्यक्रम ठेवला. ती म्हणाली, काका, तुमचा सत्कार करायचाय, तुम्ही यायचंच. गावाचं नाव ऐकल्यावर मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. मनाशी म्हणालो, म्हातारा माणूस, गर्दीत कशाला येईल.

किसन पहिल्या रांगेत होता. प्लॅस्टिकच्या खुर्चीत, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. चष्मा जाड झाला होता. हात मांडीवर पालथे ठेवलेले, बोटं किंचित वाकलेली, समोर बटणं असावीत तशी.

ऋतुजानं माइक घेतला आणि गाण्याची गोष्ट सांगितली. भंगारातली कॅसेट, दौंडचं दुकान, मी. मग हसत म्हणाली, "आणि ज्या टक-टकवर तुम्ही सगळे नाचता ना, ती एक चूक आहे. काकांनी सांगितलं, टेप बंद करतानाचा आवाज आहे तो."

लोक हसले. किसनशेजारचा एक तरणा माणूस ताडकन उठायला लागला. किसननं त्याच्याकडं न बघता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो बसला.

मला शाल घातली. फुलं दिली. मग माइक दिला. "बोला काका, दोन शब्द."

किसन माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. कडुनिंबाखाली बसून अर्जदाराकडं बघायचा तसा. मावशी, नाव सांगा. अर्ज कुनाचा हाय? त्याला वेळ होता. मी थांबलो असतो तर तोही थांबला असता. नाव माझ्या तोंडात होतं, बापाच्या नावासकट. पोरं भोंग्यापाशी ताटकळली होती, शाल गरम होत होती, आणि ऋतुजा माझ्याकडं कौतुकानं बघत होती.

"सगळ्यांचे आभार," मी म्हणालो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. किसन सगळं शांत होईपर्यंत तसाच बसून राहिला. मग त्यानं मांडीवरचे हात उचलले आणि टाळी वाजवली. एक. आणखी एक. मग खुर्चीच्या हाताला धरून उठला, माझ्याकडं पाठ केली आणि रांगेतल्या माणसांना "जरा वाट द्या" म्हणत घराकडं निघाला.